मोटरहोम, हिवाळा आणि ओल: भोकं बुजवली, तिथेच चुकलं

इयरफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि लोकलमध्ये नेट अडकतं म्हणून हा भाग वाचून काढणाऱ्यांनाही नमस्कार. बोललो तसंच जवळपास उतरवलंय. मध्ये माझी मुलगी दार वाजवत होती, तेवढा तुकडा काढून टाकलाय.

मागच्या भागात मी जुनी मोटरहोम कशी घेतली ते सांगितलं होतं. त्यावर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. "दादा, हिवाळ्यात तिचं काय करता?" तर ऐका. पहिल्या हिवाळ्यात मी तिची पार वाट लावली होती.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी मूळचा चिपळूणचा, आता इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. मोटरहोम म्हणजे टेम्पोच्या चेसिसवर बांधलेली खोलीच समजा. आमची साधारण सहा मीटर लांब आहे. दोन पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, एवढंसं टॉयलेट आणि गरम पाण्याचा बॉयलर. इथली बरीच मंडळी ईस्टरच्या सुमारास गाडी बाहेर काढतात आणि ऑक्टोबर संपला की उभी करून ठेवतात. घरासमोर जागा नसेल तर भाड्याने जागा घ्यायची. आम्ही एका शेतकऱ्याच्या आवारात जागा घेतली. उघड्यावर, एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची कॅरॅव्हॅन.

२०२२चा नोव्हेंबर. पाऊस लागलेला, चार वाजता अंधार. मी गाडी लावली आणि माझ्यातला कोकणी माणूस जागा झाला. आमच्याकडे पाऊस म्हटला की काय करतात? बंद करतात. पडवीला झापं लावायची, खिडक्या ओढून घ्यायच्या, पोहे-पापड घट्ट झाकणाच्या डब्यात. बाहेरची ओल आत येता कामा नये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. मी तेच केलं. छतावरच्या खिडक्यांच्या कडेला बारीक फटी होत्या, त्यांना टेप लावली. जमिनीत जाळीची भोकं होती, त्यांतून उंदीर आणि गारठा येतो म्हणून त्यांत चिंध्या कोंबल्या. वरून निळी प्लॅस्टिकची ताडपत्री टाकून दोरीने आवळून बांधली. बाबांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच मेसेज, "झकास बांधलीस रे."

बाबांचं नाव काढलं ते उगाच नाही. गाडी घेतली तीच मुळात आई-बाबांसाठी. २०२१च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं. पाणी उतरलं, चिखल काढला, पण भिंतींतली ओल दिवाळीपर्यंत गेली नाही. बाबांना आधीपासून दमा. त्या ओल्या घरात चार महिने काढल्यावर त्यांची छाती जी नाजूक झाली ती झालीच. एप्रिल २०२३ला दोघं पहिल्यांदा इकडे येणार होते आणि त्यांना गाडीतून दहा दिवस स्कॉटलंड दाखवायचं ठरलं होतं.

मार्चमध्ये मी ताडपत्री सोडली आणि दार उघडलं. मला काही दिसायच्या आधी वास आला. कुबट. आणि तो वास माझ्या ओळखीचा होता. पुरानंतर रजा काढून घरी गेलो होतो, तेव्हाचा अगदी तोच. गाद्या उचलल्या तर खाली प्लायवूडवर पाण्याचे थेंब. गाद्यांच्या भिंतीकडच्या बाजूला काळे ठिपके, कपाटांच्या आत हिरवट-पांढरी बुरशी. मागच्या डाव्या कोपऱ्यात अंगठा दाबला तर प्लाय आत गेला, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. आणि नंतर पंप सुरू केल्यावर कळलं की बाथरूमचा नळही मधोमध तडकलाय.

शेतकरीबाबा, म्हणजे जागेचे मालक, सत्तरीचे असतील, हात खिशात घालून बघत होते. त्यांनी जमिनीतल्या चिंध्या बघितल्या आणि एवढंच विचारलं, "ही भोकं कुणी बुजवली?"

आता इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं या एका प्रश्नावर आहे.

हवेत पाणी असतं हे शाळेत शिकलोय. पण किती? तर ते हवेच्या तापमानावर अवलंबून असतं. जुलैतलं चिपळूण घ्या. २७ अंश तापमान, ९० टक्के आर्द्रता. अशा एक घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी असतं. आता जानेवारीतलं लीड्स घ्या. ४ अंश, आर्द्रता तीच ९० टक्के. मोबाइलवर वेदर अ‍ॅप उघडलंत तर दोन्हीकडे ९०च दिसेल. पण लीड्सच्या हवेत पाणी किती? पावणेसहा ग्रॅम. चौपट फरक! थंड हवेत जास्त पाणी मावतच नाही. आणि हीच हवा गाडीत शिरली, दुपारी जरा ऊन पडून आत १० अंश झालं, की तिची आर्द्रता ६० टक्क्यांवर येते. म्हणजे बाहेरून येणारी ती गारठ्याची हवा खरं तर आतलं पाणी उचलून न्यायला आलेली असते. आणि मी तिला दारातून परत पाठवत होतो.

मग आतलं पाणी आलं कुठून? ते आधीच आत होतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या सहलीला आम्ही तिघं दोन रात्री आत झोपलो होतो. झोपेतल्या श्वासातून आणि घामातून दोन माणसांचं एका रात्रीत अर्धा लिटर पाणी सहज हवेत जातं. ओले बूट, ओली जॅकेटं, अंघोळ, भाताची वाफ हे वेगळं. ते सगळं गाद्यांत, पडद्यांत, प्लायमध्ये मुरलेलं. रात्री भिंती गार झाल्या की ते पाणी वाफ सोडून भिंतीवर उतरतं. थंड ताकाच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात ना, तसं. दिवसा परत वाफ, रात्री परत थेंब. बाहेर जायला वाट नाही. वर प्लॅस्टिकची ताडपत्री, म्हणजे पत्राही कधी कोरडा होत नाही. पाच महिने तेच पाणी आतल्या आत फिरत राहिलं.

आणखी एक मूर्खपणा केला तो सांगूनच टाकतो. जानेवारीत एकदा जाऊन बघितलं, काचा आतून ओल्या दिसल्या. म्हटलं गरम करू. कुणाकडून तरी छोटा गॅस हीटर आणला, ज्याला धुराडं नसतं तसला, आणि दोन तास लावला. दारं बंद, भोकं बंद. आता दहावीचं रसायनशास्त्र आठवा. एक किलो प्रोपेन जळलं की साधारण १.६ किलो पाणी तयार होतं. आपल्या घरातला १४.२ किलोचा सिलिंडर संपेपर्यंत बावीसेक लिटर पाणी वाफ होऊन स्वयंपाकघराच्या हवेत जातं. खिडकी आणि पंखा असतो म्हणून कळत नाही. म्हणजे मी गाडी सुकवायला गेलो आणि तिच्यात पाणी ओतून आलो.

बरं, पाण्याचं राहू द्या. बंद जागेत असला हीटर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना वास, ना रंग. त्या दिवशी हीटर लावून मी बाहेर फोनवर बोलत बसलो होतो, आत डुलकी काढली नाही, एवढंच नशीब. गॅसवर चालणाऱ्या वस्तूंसाठीच जमिनीतली ती भोकं आणि छताची ती फट ठेवलेली असते. युरोपात त्यांचा आकार किती असावा याचं मानक आहे, ईएन ७२१ म्हणून. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो आणि जमिनीतल्या भोकांतून निघून जातो. ती भोकं बुजवायची नसतात. कधीच नाही. उंदरांची भीती असेल तर बारीक तारेची जाळी ठीक आहे का नाही ते जाणकाराकडून बघून घ्या, चिंध्या नकोत.

मग मी एका मेकॅनिकला बोलावलं. इथे घरी येऊन कॅरॅव्हॅन दुरुस्त करणारे असतात. त्याच्याकडे ओल मोजायचं यंत्र होतं, डॅम्प मीटर. भिंतीला टेकवलं की आकडा येतो. १५ टक्क्यांच्या आत असेल तर निवांत. १५ ते २० असेल तर नजर ठेवायची. २०च्या वर गेलं की शोध घ्यायचा आणि ३०च्या वर म्हणजे बहुधा आतलं लाकूड गेलं. आमच्या बहुतेक भिंती १२, १३, १४. मला नवलच वाटलं, एवढी बुरशी आणि आकडे चांगले? मागचा डावा कोपरा मात्र २८.

त्यावर त्याने जे सांगितलं ते मी अजून प्रत्येकाला सांगतो. गाडीत दोन वेगळी पाणी असतात. एक, हवेतलं पाणी. ते पृष्ठभागावर बसतं, सगळीकडे थोडं थोडं बसतं, बुरशी आणतं, वास आणतं, पण पुसता येतं, सुकवता येतं. दुसरं, गळतीचं पाणी. ते एकाच जागेतून येतं, भिंतीच्या पोटात जातं आणि बाहेरून काही दिसत नाही. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांची भिंत म्हणजे बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये थर्मोकोल, आत पातळ प्लाय, आणि सांध्यांना लाकडी पट्ट्या. सांध्यावरचं सीलंट काही वर्षांनी कडक होऊन चिरतं. केसाएवढी फट पुरते. पाणी लाकडी पट्टीतून सरकत जातं आणि गळती एकीकडे, डाग तिसरीकडेच. पहिल्या पाण्यावर उपाय हवा. दुसऱ्यावर फक्त दुरुस्ती. भिंत गळत असताना आत ओल शोषणारे डबे ठेवणं म्हणजे कौल फुटलेलं असताना रोज बादली बदलत बसणं.

ते डबे दुकानात भरपूर मिळतात. आत कॅल्शियम क्लोराइड असतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच तत्त्व, जरा जोरात. मी चार आणले होते. चारही भरले आणि मला वाटलं, वा, काम करतायत. पण भोकं उघडी ठेवायचीच आहेत, मग तो डबा अख्ख्या यॉर्कशरची हवा सुकवत बसणार. आणि भरलेला डबा कलंडला तर ते खारं पाणी गाद्यांवर. मी आता वापरत नाही. विजेवर चालणारा डीह्युमिडिफायर चांगला, पण आवारात वीज हवी, आणि कॉम्प्रेसरवाला नको. तो ऐन थंडीत फारसं पाणी काढू शकत नाही. डेसिकंट प्रकारचा थंडीतही चालतो.

कोपरा उघडून लाकूड बदलायला दीड हजार पौंड गेले आणि सहा आठवडे. आई-बाबा एप्रिलमध्ये आले तेव्हा गाडी अर्धी उघडीच होती. बाबांना बघायची हौस, म्हणून आवारात घेऊन गेलो. ते दारापाशी आले, पायरीवर एक पाय ठेवला आणि तसाच खाली घेतला. "अरे, हा आपल्या घरातला वास," म्हणाले. आत आले नाहीत. आम्ही स्कॉटलंडला न जाता घराजवळच फिरलो, ट्रेनने यॉर्क केलं, आणि ते परत गेले. कुणी मला एक शब्दही बोललं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आता पुढच्या वर्षापासून मी काय करतो ते. सगळ्यात आधी पाणी, कारण थंडीत पाण्याची चूक एका रात्रीत महागात पडते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. नळात, पंपात, बॉयलरमध्ये ते फुगायला जागा नसते. डिसेंबर २०२२च्या थंडीच्या लाटेत आमचा नळ असाच गेला असणार. मी टाकी रिकामी केली होती, पाइप नाही. आता पहिली थंडी पडायच्या आत टाकीचे आणि बॉयलरचे सगळे निचऱ्याचे व्हॉल्व उघडतो. नळ सगळे उघडे आणि दांडा मधोमध, म्हणजे गरम-गार दोन्ही नळ्या मोकळ्या होतात. शॉवरचा दांडा काढून खाली आडवा ठेवतो, नाहीतर त्याच्या नळीत पाणी अडकून राहतं. मग व्हॉल्व उघडे ठेवूनच गाडी आवारापर्यंत चालवत नेतो. वळणावर वळणावर उरलेलं पाणी हलतं आणि सांडून जातं. बऱ्याच बॉयलरना थंडी वाढली की आपोआप उघडून पाणी सोडणारा व्हॉल्व असतो, पण तो बॉयलर वाचवतो, नळ वाचवत नाही. टॉयलेटची टाकी धुऊन, झडप उघडी ठेवून. हे शेवटचं विसरलात तर मार्चमध्ये माझी आठवण काढाल.

मग गाद्या. जमलं तर सरळ घरी आणायच्या. आमच्याकडे पाच महिने दिवाणखान्यात गाद्यांची चवड असते, मुलीचा किल्ला होतो. घरी जागा नसेल तर गाडीतच मधोमध उभ्या करायच्या, एकही बाजू भिंतीला टेकता कामा नये. भिंत आणि गादी यांच्यामध्येच ओल धरते. कपाटांची दारं उघडी, ड्रॉवर अर्धे बाहेर, फ्रिजचं दार फटीएवढं उघडं. अन्नाचा कण ठेवायचा नाही, मसाल्याची पुडीसुद्धा नाही. उंदीर त्यासाठीच येतात.

भोकं उघडी. हे तिसऱ्यांदा सांगतोय, सांगणारच.

ताडपत्री गेली. घालायचंच असेल तर हवा जाऊ देणारं कापडी कव्हर मिळतं, त्याआधी गाडी स्वच्छ धुवायची, नाहीतर वाऱ्याने कव्हर हलून कणांनी रंग आणि प्लॅस्टिकच्या खिडक्या खरवडल्या जातात. मी काहीच घालत नाही. उत्तरेकडच्या बाजूला हिरवं शेवाळ धरतं, ते मार्चमध्ये घासतो. ते बाहेर असतं, बाहेर चालतं. गाडी किंचित उताराला लावतो, म्हणजे छतावर पाणी तुंबत नाही. आणि ऑक्टोबरमध्ये, एखाद्या कोरड्या दिवशी, शिडी लावून छतावरचा प्रत्येक सांधा बघतो. अँटेनाचं बूड, छतावरच्या खिडक्यांची चौकट, मागच्या कोपऱ्यांच्या पट्ट्या. सीलंटला नखाने दाबायचं. रबरासारखं दबलं तर ठीक, टवका निघाला तर तिथलं खरवडून नवीन भरायचं. जुन्यावर नवीन थापू नका, ते दोन महिन्यांत सुटतं.

बाकीचं पटापट. बॅटरी पूर्ण चार्ज हवी. भरलेली उणे ५०लाही गोठत नाही, उतरलेली उणे सात-आठलाच गोठून फुटू शकते. टायरमध्ये हवा चांगली भरून ठेवा, महिन्यातून एकदा गाडी हातभर पुढे-मागे करा. हँडब्रेक सोडून गिअरमध्ये, चाकांना ठोकळे. सॉर्न भरलं, म्हणजे गाडी रस्त्यावर नाही असं सरकारला कळवलं, तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स परत मिळतो, मात्र मग ती सार्वजनिक रस्त्यावर उभीही करायची नाही. विम्याच्या अटी वाचा.

आणि महिन्यातून एकदा जायचं. दुपारी, कोरड्या दिवशी. दारं-खिडक्या सताड उघडायच्या, तास-दीड तास चहा पीत बसायचं. मी एक स्वस्तातलं डॅम्प मीटर घेतलंय, दर वेळी त्याच दहा जागी टेकवतो आणि आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवतो. स्वस्तातल्या मीटरच्या एकट्या आकड्यावर भरवसा नाही, पण तीच जागा नोव्हेंबरमध्ये १३ आणि जानेवारीत १८ दाखवत असेल तर वर शिडी लावायची वेळ झाली.

मे २०२४मध्ये आई-बाबा परत आले. बाबा पायरीवर थांबले, नाकाने हवा ओढली, आत शिरले आणि सरळ खिडकीजवळची जागा धरली. सहा रात्री झोपले गाडीत. इनहेलर एकदाच काढावा लागला, तोही ग्लेन्कोमध्ये चढ चढताना. रात्री मी छताची फट उघडी ठेवायचो, आई कुरकुरायची, "अरे, बोचरं वारं येतंय." बाबाच म्हणाले, "येऊ दे. स्वेटर घाल."

शेवटी एक प्रश्न घेतो, कारण तो बऱ्याच जणांचा असणार. कोल्हापूरहून एकाने विचारलंय की त्याने मित्रांबरोबर व्हॅनची कॅम्पर केलीय, पावसाळ्यात चार महिने उभी राहील, तर हेच सगळं करू का? नाही. म्हणून तर मघाशी ते २३ ग्रॅम सांगितले. तुझ्याकडे जुलैतली बाहेरची हवाच पाण्याने भरलेली आहे, खिडक्या सताड उघडून ती आत घेतलीस तर गाद्या ओल्याच होतील. तुझ्याकडे आईचं बरोबर. छपराखाली लाव, सतत पाऊस असताना खिडक्या बंद ठेव, उघडीप पडून ऊन आलं की सगळं उघड आणि गाद्या उन्हात टाक. वीज असेल तर साधा कॉम्प्रेसरवाला डीह्युमिडिफायर तिथल्या तापमानाला उत्तम चालतो, तो लावताना खिडक्या बंद. गाद्या भिंतीपासून लांब, सांधे मे महिन्यात तपासायचे, हे दोन्हीकडे सारखंच. आणि आत गॅस बसवला असशील तर जमिनीतलं भोक तुझ्याकडेही उघडंच राहील, सिलिंडर मात्र चार महिने काढून बाहेर ठेव. नळांत पाणी गोठायची चिंता तुला नाही, पण टाकी रिकामी करच, साचलेल्या पाण्यात डास होतात.

पुढच्या भागात सोलर पॅनल. प्रश्न पाठवत राहा.